सिंहगड रस्त्याची कोंडी : उड्डाणपूल झाल्यावरही ती टाळायची कशी?

मुठाई

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड सिटी या वसाहतीच्या परिसरात आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत. माझे कार्यालय शिवाजीनगरला आहे, माझ्या पतींचे हडपसरला, आणि मुलगी यंदा अकरावीसाठी सदाशिव पेठेतल्या महाविद्यालयात जाऊ लागली आहे. त्यामुळे घरातल्या तिघांनाही सकाळी सिंहगड रस्त्यानेच शहरात शिरावे लागते आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतावे लागते. घर पाहायला येत होतो तेव्हा उड्डाणपुलांचे काम संपत आले होते आणि ते झाले की प्रश्न मिटेल, असे जो भेटेल तो सांगत होता. गोयलगंगा चौकापासून इनामदार चौकापर्यंतच्या पट्ट्यात गाडी आता खरोखर फारशी न थांबता जाते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पुलावर चढण्यापूर्वी धायरी फाटा ते वडगाव आणि पूल उतरल्यानंतर राजाराम पुलापासून दांडेकर पुलापर्यंत जो खोळंबा होतो, त्यात वाचलेला बहुतेक वेळ निघून जातो.

पर्यायी रस्ता कोणता घ्यावा, कोणत्या वेळी निघावे आणि कोणत्या वाहनाने जावे, याबद्दल रोज या रस्त्याने जाणाऱ्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. पुण्यात सगळीकडे असेच आहे, एवढ्या उत्तराने आमची अडचण सुटणार नाही.

जुना हिंगणेकर

मुठाईताई, या भागात आपले स्वागत आहे. पर्यायी रस्ता कोणता, हा आपला पहिला प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा रहिवासी विचारतो, म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पुण्यातल्या इतर मोठ्या रस्त्यांना काही ना काही समांतर रस्ता आहे. सिंहगड रस्त्याला तो नाही, आणि त्याचे कारण जमिनीतच आहे. शहरातून बाहेर पडताना उजव्या हाताला मुठा नदी आहे. डाव्या हाताला खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आहे आणि कालव्याच्या पलीकडे पर्वती-तळजाईच्या टेकड्या आहेत. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव अशी वस्ती लांबट पसरत गेली. वस्तीतल्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या मुख्य रस्त्याला येऊन मिळतात आणि दुसऱ्या टोकाला नदीपाशी किंवा कालव्यापाशी संपतात. त्यामुळे शेजारच्या वसाहतीत जायचे असले तरी माणसाला आधी मुख्य रस्त्यावर यावे लागते. या रस्त्यावर लांबून येणाऱ्यांची गर्दी आहेच, पण भाजी आणायला निघालेल्या स्थानिक माणसाची दुचाकीही त्याच प्रवाहात शिरते, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

समांतर रस्ता काढण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. विठ्ठलवाडीपासून मुंबई-बंगळूर महामार्गापर्यंत नदीच्या कडेने रस्ता करण्याचे काम सुरू झाले होते, परंतु तो पूररेषेत येत असल्यामुळे राष्ट्रीय हरित लवादाने त्याला अटकाव केला. त्या वेळी अनेकांना तो निर्णय जाचक वाटला होता. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये जे पाणी शिरले, ते पाहिल्यानंतर नदीच्या पात्रात भराव टाकून रस्ता करण्याची मागणी मी तरी कधी करणार नाही.

कालव्याच्या कडेने दुचाकी जातात. पण तो मार्ग अरुंद आहे, त्यावर पायी चालणारी माणसे आणि मुले असतात, आणि कालव्याच्या बांधावर वाहतुकीचा भार टाकणे मला धोक्याचे वाटते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ हा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी शिरले, याची आठवण इथल्या लोकांना अजून आहे.

त्यात आता वस्ती वाढली आहे. २०१७ मध्ये धायरी महापालिकेत आली, २०२१ मध्ये नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे आली. इमारती उभ्या राहिल्या, माणसे राहायला आली, आणि शहराकडे जाणारा रस्ता मात्र तोच राहिला. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, या रस्त्यावरची कोंडी रस्ता बदलून टाळता येत नाही. निघण्याची वेळ बदलून आणि वाहन बदलून ती पुष्कळ अंशी टाळता येते.

वडगावची लेक

जुना हिंगणेकर यांच्या माहितीत थोडी भर घालते. हे तीन उड्डाणपूल एका दिवसात झालेले नाहीत. भूमिपूजन सप्टेंबर २०२१ मध्ये झाले. राजाराम पुलाजवळचा पूल १५ ऑगस्ट २०२४ रोजी, विठ्ठलवाडी ते फनटाइम चित्रपटगृह हा सुमारे दोन किलोमीटरचा पूल १ मे २०२५ रोजी आणि गोयलगंगा ते इनामदार चौक हा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मधल्या काळात रस्त्याच्या मधोमध लोखंडी पत्रे ठोकलेले होते आणि उरलेल्या जागेतून बस, रुग्णवाहिका, शाळेच्या व्हॅन कशाबशा जात होत्या. त्या दिवसांत संतोष हॉलच्या चौकातून घरी पोहोचायला किती वेळ लागेल, हे कोणालाच सांगता येत नसे.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण उड्डाणपुलांचा काहीच उपयोग झाला नाही असे अलीकडे सर्रास म्हटले जाते आणि ते मला पटत नाही. माझ्या सासऱ्यांना डायलिसिससाठी ठरावीक वाराला शहरात न्यावे लागते. हिंगण्यापर्यंतचा प्रवास आता सुरळीत होतो आणि आजारी माणसाला प्रत्येक चौकात धूर खात थांबावे लागत नाही, हा आमच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

चौकस

वडगावची लेक यांचे म्हणणे योग्य आहे. पूल निरुपयोगी नाहीत. त्यांनी कोंडी कुठून कुठे सरकवली आणि का, हे समजून घेतले तर मुठाई यांच्या प्रश्नाचे उत्तरही सापडेल. माझा व्यवसाय स्थापत्य अभियंत्याचा असल्यामुळे थोडा हिशोब मांडतो.

रस्त्याची क्षमता त्याच्या रुंदीवर ठरते असे आपण समजतो. शहरी रस्त्यावर ती प्रत्यक्षात चौकांवर ठरते. दिवा सतत हिरवा राहिला तर एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० मोटारी जाऊ शकतात, असे वाहतूक अभियांत्रिकीत ढोबळमानाने धरतात. चौकात तीन दिशांना आळीपाळीने हिरवा दिवा द्यायचा असेल, तर आपल्या वाट्याला त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ६०० मोटारी येतात, आणि दर वेळी दिवा बदलताना वाया जाणारे सेकंद वजा केले तर त्याहूनही कमी. उड्डाणपूल सरळ जाणाऱ्यांसाठी हे मधले दिवे काढून टाकतो. म्हणजे पुलावरून येणारा प्रवाह पूर्वीपेक्षा जोमाने पुढच्या चौकात येऊन पडतो, आणि पुढच्या चौकाची क्षमता मात्र पूर्वीइतकीच असते. राजाराम पुलापासून दांडेकर पुलापर्यंत जी रांग दिसते, तिचे मुख्य कारण हे आहे. दांडेकर पुलाच्या चौकात स्वारगेट, शास्त्री रस्ता आणि दत्तवाडी या सगळ्या दिशांची वाहतूक एकमेकींना छेदते, आणि तिथे आणखी एक पूल बांधला तरी रांग सारसबागेपाशी जाईल.

आता दुसरी बाब, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, एखाद्या मार्गिकेतून तासाला ६०० गाड्या सुटतात आणि येतात ६६०. पहिल्या तासाच्या अखेरीस ६० गाड्या रांगेत उभ्या असतील आणि शेवटच्या गाडीला सहा मिनिटे थांबावे लागेल. गर्दी दोन तास अशीच राहिली तर रांग १२० गाड्यांची होईल आणि थांबणे बारा मिनिटांचे. हा झाला एका चौकाचा हिशोब. असे चार-पाच चौक एकापाठोपाठ आले की काय होते, ते आपण रोज पाहतो. परंतु येणाऱ्या गाड्यांपैकी दहांतली एक जरी कमी झाली, तरी ५९४ गाड्या येतील, ६०० सुटू शकतील आणि रांग साचणारच नाही. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की हा रस्ता एकाएकी मोकळा वाटतो, त्याचे रहस्य यातच आहे. त्या दिवसांत सगळे पुणे गावाला गेलेले नसते. शाळेच्या फेऱ्या आणि काही कुटुंबे एवढीच कमी झालेली असतात, आणि तेवढे पुरते.

म्हणून जो माणूस सकाळी साडेआठऐवजी सात वाजता निघतो किंवा मोटार घरी ठेवून बसने जातो, तो स्वतःचा वेळ वाचवतोच, शिवाय मागे राहिलेल्या सगळ्यांची रांग आखूड करतो.

मुठाई

चौकस, आपण आकडे घेऊन समजावल्यामुळे प्रथमच नीट उलगडा झाला. तरीही पर्यायी रस्त्यांबद्दल आणखी विचारते. नांदेड गावातून शिवण्याला जाणारा पूल ओलांडून एनडीए रस्त्याने वारज्याला निघावे, असे आमच्या इमारतीतले काही जण सांगतात. दुसरे काही जण वडगावला महामार्गावर चढून वारज्यामार्गे कर्वे रस्त्याला लागतात. यांपैकी कोणता मार्ग बरा?

कालवाकाठ

दोन्ही मार्गांनी मी नियमित जात आलो आहे, म्हणून सांगतो.

शिवणे-नांदेड पूल उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात उपयोगी पडतो. परंतु तो बुटका आहे आणि पावसाळ्यात धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की पाण्याखाली जातो. विसर्ग वाढणार अशी बातमी आली असेल तर त्या दिवशी त्या वाटेचा विचारही करू नये. सकाळी पूल मोकळा दिसला म्हणून संध्याकाळी तो मोकळा असेलच असे नाही. एनडीए रस्त्यावर उत्तमनगर आणि शिवण्याच्या बाजारपेठेत सकाळी गर्दी असते, त्यामुळे वारज्याला किंवा कोथरूडला जायचे असेल तरच हा मार्ग घ्यावा. शिवाजीनगरला जाण्यासाठी त्यात फायदा नाही.

महामार्गाचे म्हणाल तर वडगावहून वारज्याकडे जाणे तुलनेने बरे आहे, पण सेवा रस्त्यावरून मुख्य मार्गिकेत शिरताना अतिशय सावध राहावे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि तिथले अवजड वाहनांचे अपघात सर्वांना ठाऊक आहेत. दुचाकीने, त्यातही नवशिक्या मुलांनी, त्या पट्ट्यात जाऊ नये असे मी कळकळीने सांगेन. दहा मिनिटे वाचवण्यासाठी ट्रकच्या रांगेत घुसण्यात अर्थ नाही.

तिसरा मार्ग राजाराम पुलाचा. हिंगण्यापर्यंत सिंहगड रस्त्याने यावे, पूल ओलांडून डीपी रस्त्याने म्हात्रे पुलाकडे किंवा नळ स्टॉपकडे जावे. दांडेकर पुलाची रांग यात टळते. अर्थात ही युक्ती सगळ्यांनाच माहीत झालेली असल्याने सकाळी नऊनंतर तीही वाट भरून जाते.

प्रवासिनी

मी धायरीहून शिवाजीनगरला नोकरीसाठी जाते आणि माझ्याकडे गाडी असूनही बस आणि मेट्रोने जाते. मुठाईताईंचे कार्यालयही शिवाजीनगरलाच असल्यामुळे माझा मार्ग त्यांना जसाच्या तसा उपयोगी पडेल.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला, आणि सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी माझ्या मते ती उड्डाणपुलांइतकीच मोठी घटना होती, फक्त तिची तितकी चर्चा झाली नाही. पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसने स्वारगेटला उतरावे. मेट्रोचे स्थानक तिथेच आहे. पुढे मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि त्यानंतर शिवाजीनगर. स्वारगेटपासून पुढचा हा टप्पा रस्त्यावर कितीही कोंडी असली तरी ठरल्या वेळात पार पडतो. पूर्वी टिळक रस्ता, बाजीराव रस्ता, शनिवारवाडा, संचेतीचा चौक यांत जो वेळ जायचा, तो सगळा वाचतो. मुलीने दांडेकर पुलाला उतरावे. तिथून सदाशिव पेठ चालण्याच्या अंतरावर आहे आणि स्वारगेटच्या चौकात अडकण्यापेक्षा चालणे लवकर होते.

खर्चाचा विचार करायचा तर जून २०२५ मध्ये पीएमपीचे भाडे वाढले, किमान तिकीट १० रुपये झाले आणि ४० रुपयांचा दैनंदिन पास ७० रुपयांचा झाला. ही वाढ सामान्य माणसाला जाणवणारी आहे. तरीही मोटारीचे इंधन आणि शिवाजीनगरला गाडी लावायला जागा शोधण्याचा त्रास यांच्याशी तुलना केली तर बस स्वस्तच पडते.

एक सूचना अनुभवाची. बस सुरुवातीच्या थांब्यावरून घ्यावी. आनंदनगरला किंवा हिंगण्याला बस येते तेव्हा ती भरलेली असते. आपण नांदेड सिटीत राहत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे, आणि बसून जाता आले की हा प्रवास थकवणारा वाटत नाही.

वडगावची लेक

प्रवासिनी, बसबद्दल आपण लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु बसही त्याच कोंडीत उभी राहते, त्याचे काय? बसने जाणाऱ्याचा वेळ वाचला तरच लोक मोटारी सोडतील.

चौकस

हा कळीचा प्रश्न आहे. बसला वेळ का लागतो हे पाहण्यासाठी मी एकदा सकाळच्या गर्दीत एका थांब्यावर बराच वेळ उभा राहिलो होतो. थांब्याच्या पुढ्यात तीन रिक्षा उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे माल उतरवणारा एक टेम्पो. बस आली, पण तिला पदपथापाशी येता आले नाही, म्हणून ती दुसऱ्या मार्गिकेत तिरकी थांबली. प्रवासी पदपथावरून उतरून, दोन रिक्षांमधून वाट काढत बसकडे धावले. एका आजींना चढायला वेळ लागला. तेवढ्यात मागच्या मोटारी उजवीकडे वळल्या आणि उजव्या मार्गिकेतल्या दुचाकी त्यांच्यापुढे घुसल्या. बसच्या डाव्या बाजूने जायला निघालेला एक दुचाकीस्वार उतरणाऱ्या प्रवाशाला थडकता थडकता वाचला. बस निघेपर्यंत पुढचा दिवा लाल झालेला होता. त्या एका थांब्यामुळे चौकातला हिरव्या दिव्याचा एक संपूर्ण फेरा वाया गेला, आणि तो फक्त बसचा नव्हे, मागच्या सगळ्यांचा वाया गेला.

हे सोडवायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. थांब्याच्या पुढची-मागची जागा मोकळी ठेवणे, रिक्षांना पन्नास पावले पुढे स्वतंत्र जागा आखून देणे, माल उतरवण्याची वेळ दुपारची ठरवणे आणि चौकाच्या अगदी तोंडाशी असलेला थांबा चौक ओलांडल्यावर नेणे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. तीन पुलांवर मिळून शंभर कोटींहून अधिक खर्च झाला, तो व्हायला हवा होता की नव्हता यावर मतभेद असू शकतील, परंतु त्याच्या अगदी थोड्या हिश्शात या रस्त्यावरचा प्रत्येक बसथांबा नीट करता येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बसमधल्या माणसांचा हिशोबही पाहावा. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर ६०० मोटारींतून ९०० माणसे जातात. तेवढीच माणसे प्रत्येकी ४५ प्रवाशांच्या वीस बसमध्ये जातात. म्हणजे दर तीन मिनिटांनी एक बस सोडली तर एका मार्गिकेचे तासाभराचे काम होते. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला बीआरटीचा, म्हणजे बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा, आरंभीचा प्रयोग पुण्यानेच केला होता. तो पुढे नीट चालवला गेला नाही, याची मला फार खंत वाटते. सिंहगड रस्त्याची रुंदी सगळीकडे पुरेशी नसल्यामुळे बससाठी सलग वेगळी मार्गिका कदाचित शक्य होणार नाही. परंतु उड्डाणपुलांखाली खालच्या रस्त्यावरची लांबची वाहतूक आता कमी झालेली आहे, आणि निदान तेवढ्या भागात गर्दीच्या वेळी डावी मार्गिका बसला देण्याचा प्रयोग करण्याची हीच वेळ आहे. ती जागा एकदा वाहनतळासारखी वापरली जाऊ लागली की परत मिळत नाही, आणि काही ठिकाणी तसे होऊ लागलेले दिसते आहे.

रातवा

मला शनिवार-रविवारबद्दल लिहायचे आहे, कारण नव्याने आलेल्या लोकांना त्याची कल्पना नसते. सुट्टीच्या दिवशी गर्दीची दिशा उलटी असते. सकाळी सिंहगडावर जाणारे आणि दुपारनंतर खडकवासल्याच्या चौपाटीवर जाणारे लोक याच रस्त्याने येतात. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी परतीची रांग धरणापासून नांदेड फाट्याच्या पुढेपर्यंत लागते, कणसे आणि भजी विकणाऱ्या गाड्यांपुढे मोटारी दुहेरी उभ्या राहतात आणि मधल्या गावांतल्या लोकांना घराबाहेर पडणे अवघड होते. जुलै-ऑगस्टमधल्या रविवारी शहरात काम असेल तर ते दुपारी उरकून चारच्या आत घरी परतावे. आषाढी एकादशीला विठ्ठलवाडीच्या विठ्ठलमंदिराला भाविकांची रीघ लागते. त्या दिवशी तर गाडी काढूच नये, पायी जावे आणि दर्शनही घ्यावे.

जुना हिंगणेकर

रातवा यांनी योग्य तेच लिहिले आहे. मी आता एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी या मेट्रोमार्गाला मंजुरी दिली आहे. ही आपल्या भागासाठी आनंदाची बातमी आहे आणि तिची वाट आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. परंतु मेट्रो मंजूर होणे आणि मेट्रोत बसणे यांत काही वर्षांचे अंतर असते. त्या वर्षांत या रस्त्यावर पुन्हा पत्रे लागतील, मार्गिका अडतील, चौक वळवले जातील. उड्डाणपुलाच्या वेळचा अनुभव वडगावची लेक यांनी वर सांगितलाच आहे. त्या वेळी लोकांनी रस्ता आक्रसल्यावर धावाधाव करून सवयी बदलण्याचा प्रयत्न केला आणि सर्वांनी तो एकाच वेळी केल्याने बसही अपुऱ्या पडल्या.

या खेपेला आपण आधीच तयारी करावी असे मला मनापासून वाटते. ज्यांना शक्य आहे त्यांनी आत्ताच कार्यालयाची वेळ बदलून घ्यावी. सोसायट्यांनी आपल्याकडे कोण कुठे जाते याची यादी करावी. कामाला सुरुवात होण्यापूर्वी जादा बस मिळाव्यात, अशी मागणी सोसायट्यांच्या लेटरहेडवर एकत्रितपणे पीएमपीकडे आणि महापालिकेकडे जावी. आपल्या भागातून अशी पत्रे नेहमी काम सुरू झाल्यानंतर जातात.

प्रवासिनी

वेळेबद्दल माझी एक जोड. आमच्या कार्यालयात साडेनऊची वेळ होती. आम्ही या भागातून येणाऱ्या काही जणींनी मिळून आठ ते साडेचार ही वेळ मागितली आणि ती मिळाली. एकटीने मागितले असते तर कदाचित मिळाले नसते. सकाळी लवकर निघाल्याचा फायदा असतोच, पण खरा फायदा संध्याकाळी होतो, कारण संध्याकाळची गर्दी सकाळपेक्षा अधिक वेळ टिकते आणि साडेपाचच्या आत राजाराम पूल ओलांडला तर ती जवळजवळ पूर्ण टळते. घरी मुलांबरोबर उजेडात तासभर मिळतो, त्याचे मोल मला फार वाटते.

कालवाकाठ

शाळांच्या वेळेचाही विचार व्हावा. या रस्त्यालगतच्या एका शाळेपुढे शाळा सुटताना पालकांच्या मोटारी दुभाजकापर्यंत उभ्या असतात आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत तयार झालेली रांग पुढे तासभर विरत नाही. पालकांना दोष देणे सोपे आहे, परंतु मूल एकटे रस्ता ओलांडू शकेल अशी परिस्थिती नसेल तर ते तरी काय करणार? चौकांत पायी चालणाऱ्यांसाठी पुरेशा सेकंदांचा वेगळा दिवा आणि अखंड पदपथ मिळाला, तर एक-दीड किलोमीटरच्या आतली मुले चालत जातील. चौकस यांच्या हिशोबातली दहांतली एक गाडी कमी होण्यासाठी ही सर्वांत जवळची जागा आहे, असे मला वाटते.

मुठाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी तपशीलवार उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. आम्ही घरी बसून चर्चा केली. मी आणि मुलगी सकाळी सातच्या सुमारास एकाच बसने निघू. ती दांडेकर पुलाला उतरेल आणि मी स्वारगेटहून मेट्रोने पुढे जाईन. आठची वेळ मिळावी म्हणून मी कार्यालयात अर्ज देणार आहे, आणि प्रवासिनी यांनी सुचवल्याप्रमाणे याच बाजूने येणाऱ्या दोन सहकाऱ्यांनाही त्यात सामील करून घेते आहे. शिवण्याच्या पुलाचा आणि महामार्गाचा विचार आम्ही सोडून दिला.

प्रश्न उरतो तो हडपसरचा. माझ्या पतींना कात्रज-कोंढवा रस्त्याने जावे की स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने, हे ठरवता येत नाही. बसने दोनदा बदलून जायचे तर वेळ फार लागतो.

रातवा

हडपसरला मीही जातो. कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण भूसंपादनात अडकत अडकत पुढे सरकते आहे आणि त्यावर अवजड वाहतूक मोठी आहे, म्हणून मी तो मार्ग टाळतो. सिंहगड रस्त्याने स्वारगेट आणि तिथून शंकरशेठ रस्त्याने सोलापूर रस्त्याला लागणे बरे. मात्र पुलगेटच्या पुढे आठच्या आत पोहोचायला हवे, नाहीतर रामटेकडीपासून पुढे पुन्हा तीच गत होते.

आमच्या मोटारीत सध्या तिघे जण आहोत आणि चौथ्याची जागा रिकामी आहे. आम्ही पावणेसातला नांदेड सिटीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून निघतो, इंधनाचा खर्च समान वाटून घेतो आणि पाच मिनिटांहून अधिक कोणासाठी थांबत नाही. परतताना मगरपट्ट्याहून साडेचारला निघतो. आपल्या यजमानांना ही वेळ जमणार असेल तर मला इथे निरोप ठेवावा. सोमवारपासून ते येऊ शकतील.